चिंचेनं घासलेलं टेबल

जुनं फर्निचर दुरुस्त करायची माझी हौस कधीच संपली. घोटावड्याच्या शेडमध्ये आता नुसते हात चालतात. मुठा खोऱ्यातल्या एका बंगल्यातलं ते लिहायचं टेबल आलं तेव्हाही असाच कंटाळलेला होतो. टेबल इंग्रजांच्या अमदानीतलं, साहेबाच्या मापाचं, पण घडवलेलं आपल्याच कुणा कारागिरानं. काळं शिसवी लाकूड, त्यात कोरून बसवलेली पितळेची वेल. अर्धी पानं गळालेली. मी पत्रा कापून नवी केली आणि सरसानं चिकटवली. जुन्या वस्तूला जुनाच सरस, हा माझा हट्ट. पाणी लागलं की तो सुटतो, तेव्हा कोरड्या फडक्यानंच पुसा, असं मालकांना सांगून मी मोकळा झालो.

खंडेनवमीला दुपारी बंगला सांभाळणाऱ्या बाईचा फोन आला. बंगल्याखालची जमीन मूळ तिच्या सासऱ्यांची. ती विकली गेली, आणि आता तिथंच मागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहतात, झाडलोट करतात. मी गेलो. टेबलावर झेंडूची फुलं, लाकडावर पाण्याचे पांढरट डाग, शेजारी स्टीलच्या वाटीत सुटलेली पितळी पानं. सणाला घरातलं पितळ काळं ठेवायचं नाही, म्हणून तिनं चिंच लावून, गरम पाणी ओतून खसाखसा घासलं होतं. आपण समई घासतो तसंच.

"मिस्तरी, परवा सायेब येत्यात. हितनं काढलं तर आमी कुटं जायाचं?"

तोंडात चार शिव्या आल्या होत्या, त्या गिळल्या. टेबल रोज कोण पुसणार हे मला ठाऊक नव्हतं का? आणि मी शहाण्यानं सांगितलं कुणाला, तर जन्मात फडकं हातात न धरलेल्या माणसाला.

दोन दिवसांत काही होणार नव्हतं, लाकूड वाळायलाच पंधरा दिवस हवेत. मालक आले त्या दिवशी मी आधीच जाऊन बसलो. माझा सरस कच्चा राहिला, निस्तरायला गेलो तर डागही माझ्याच हातून पडले, असं सांगितलं. ते ओरडले नाहीत. टेबल पुण्यात दुसऱ्याकडे देतो म्हणाले आणि बाईकडे वळले.

"याला परत फाटकाच्या आत घ्यायचं नाही."

"व्हय," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणणार होती बिचारी? पटतं मला. तरी लागलं, अजून लागतं. त्या खोऱ्यातल्या बंगल्यांची कामं पुढं आटलीच. नसता मोठेपणा केलास, असं बायको म्हणते, आणि पाठ दुखायला लागली की मलाही तसंच वाटतं.

निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत मागं आली. एखादा शब्द बोलेल म्हणून मी चपलेचा पट्टा सारखा करायला उगाच वेळ लावला. मालक ओट्यावर उभे होते. तिनं फाटक लोटलं, कडी घातली, आणि नीट लागली का ते ओढून पाहिलं.