बायची ठेव

बायचा विश्वास फक्त चिमटीत येणाऱ्या गोष्टींवर होता. तांदूळ ती चिमटीत चोळून बघायची, भेंडीचं टोक मोडून बघायची, मासळीबाजारात कोळणीच्या देखत माशाचे कल्ले वर करून बघायची. मी टेमघरला तिच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा तिने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, "पॉलिस्टर हाय" असं जाहीर केलं आणि मगच भाडं सांगितलं. भाड्याचा आकडा शर्ट बघून ठरला असावा असा मला अजूनही संशय आहे.

"काम काय करतंस?" तिने विचारलं. मी चोवीस वर्षांचा, देशावरून आलेला, नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. ऐटीत सांगितलं, "बँकेत आहे." बायचा चेहरा असा पडला की मी खिसेकापूंच्या टोळीत आहे असंच तिला ऐकू आलं असावं. बराच विचार करून ती म्हणाली, "ठीक हाय. पन घरात बँकेचा काय बोलायचा न्हाय." पुढे तीन वर्षं त्या घरात बँकेशिवाय दुसरा विषय निघाला नाही, ही गोष्ट वेगळी.

बाय म्हणजे आगरी घरातली विधवा, पन्नाशीची, ठेंगणी आणि आवाजाने सहा फुटी. नवरा नारपोलीत नजीरशेठच्या यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. तो गेल्यावर तिने घराच्या तळमजल्यावर कामगारांसाठी खाणावळ काढली. नजीरशेठच्या आणि आजूबाजूच्या कारखान्यांतली सत्तर-ऐंशी माणसं, बहुतेक उत्तर प्रदेशातली, शिफ्ट सुटली की दोन पंगतींत जेवून जायची. ती तिला अम्मा म्हणायची, गल्ली बाय म्हणायची. अम्मा आणि बाय दोघी मिळून एखाद्याला भात कमी जेवल्याबद्दल जे काही ऐकवायच्या, ते ऐकून तो बिचारा दुसऱ्या दिवशी भीतीपोटी जास्त जेवायचा.

एवढा अविश्वास असून तिचे पैसे बँकेत होते, तेही माझ्याच शाखेत. त्याला कारण कशेळीची जमीन. सासऱ्यांची खाडीकाठची खाजणाची जमीन गोदामवाल्यांनी घेतली आणि वाट्याला आलेले पैसे चेकने मिळाले. दिरांनी आपापल्या वाट्याच्या गाड्या घेतल्या. बायचा वाटा सगळ्यांत लहान. तो तिने मुदत ठेवीत ठेवला आणि तो कशासाठी आहे हे गल्लीला सांगून टाकलं. सुगंधा, तिची एकुलती एक मुलगी, बारावीला होती. तिला नर्स व्हायचं होतं. पुढच्या जूनमध्ये नर्सिंगच्या कॉलेजची फी भरायची, तोवर त्या पैशाला वाराही लागू द्यायचा नाही, असं ठरलेलं होतं.

मी रोज संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या आत स्वयंपाकघरातून प्रश्न यायचा, "हाय ना?" मी म्हणायचो, "आहे." मग चहा मिळायचा. एकदा थट्टेने "बघायचं राहिलं" म्हणालो तर त्या दिवशी खरोखरच चहा मिळाला नाही. पुढे सुगंधाकडून कारण कळलं. बायच्या वडिलांनी आयुष्यभराची पुंजी एका पतपेढीत ठेवली होती. एका सकाळी पतपेढीला कुलूप दिसलं. ते कुलूप कुणीतरी उघडेल म्हणून वडील तीन दिवस पायरीवर बसून होते. त्यांना डबा घेऊन जायचं काम बायकडे होतं. हे कळल्यावर मी थट्टा बंद केली. "आहे" असं सांगताना आवाजही जरा भारदस्त काढू लागलो.

मग ते दोन हजार आठ साल आलं. अमेरिकेत बँका बुडू लागल्या आणि खाणावळीतल्या टीव्हीवर दिवसभर लाल बाण खाली पडताना दिसू लागले. आपल्याकडच्या एका बँकेबद्दलही आवई उठली आणि लोक रात्रीतून रांगा लावून पैसे काढू लागले. आमच्या बँकेला काही झालेलं नव्हतं. पण सकाळी शटर उघडलं तेव्हा रांगेत पहिली बाय उभी होती, ठेवीची पावती पदरात गुंडाळून. मी अवघडून तिला साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आपली बँक किती भक्कम आहे ते अर्धा तास समजावलं. बायने चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "माजा पैसा द्या."

घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "एवढं समजावलं, तरी काढलेत?" ती शांतपणे तांदूळ निवडत होती. "इतकं दिस मी येतंय, कधी कोनी बस बोलला? आज खुर्ची दिलान, चा दिलान, वर बिस्कुट. म्हंजे बुडाली." दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "तुमच्याच घरमालकीणबाई ना त्या?" मी फाइलीत तोंड खुपसलं.

आता पैसे कुठे ठेवायचे? घरात बैठक बसली. थोरला दीर म्हणाला सोनं घ्या. बाय म्हणाली, "सोना चोरालापन कलतो." धाकटा म्हणाला गाडी घ्या, तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "तू बँकवाला, तू जेव." आणि दुपारी उठून ती नजीरशेठकडे गेली. परदेशची मागणी थांबली होती, शहरातले व्यापारी माल उचलत नव्हते आणि नजीरशेठचं कोरं कापड छतापर्यंत साचलं होतं. पगार द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, कारागीर गावची गाडी धरायच्या बेतात होते. बायने एका ताग्याचं टोक चिमटीत धरलं, चोळलं, उजेडात धरून बघितलं आणि सगळे पैसे देऊन जेवढे तागे आले तेवढे टेम्पोत भरून घरी आणले. दार अडवून उभ्या राहिलेल्या दिरांना तिने एकच सांगितलं, "जग बुडला तरी लोक नागडी न्हाय फिरनार."

झालं. आमच्या घराची गोदामात बदली झाली. पलंगाखाली तागे, जिन्यात तागे, देवघराच्या खाली तागे. पाहुणा आला की ताग्यावर बसायचा आणि बाय दर पाच मिनिटांनी त्याला जागा बदलायला लावायची, एकाच ठेवीवर जास्त भार नको म्हणून. उंदरांचा बंदोबस्त करायला तिने एक बोका आणला आणि त्याचं नाव ठेवलं मॅनेजर. "काम काय करीत न्हाय, पन बसला का बरा दिसतो," असं ती माझ्याकडे न बघता म्हणायची.

नजीरशेठने बजावलं होतं की कापडाला पिठाची खळ आहे, दमट जागेत ठेवू नका. बायने विचार केला की घरात सगळ्यांत कोरडी आणि उबदार जागा कोणती, तर चूल. म्हणून सगळ्यात चांगले तागे तिने खाणावळीच्या चुलीमागच्या भिंतीला रचले. सकाळ-संध्याकाळ तिथे भाताचे तीन टोप चढायचे आणि झाकण काढलं की वाफेचा लोट थेट त्या भिंतीवर. उभं आयुष्य भात शिजवण्यात गेलेल्या बाईला वाफ हे पाणीच असतं हे सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार? फेब्रुवारीत एका दुपारी तिने वरचा तागा उलगडला. आत बुरशीचे करडे ठिपके होते. दुसऱ्यात होते, तिसऱ्यातही.

बाय तशीच खाली बसली. त्या संध्याकाळी चूल पेटली नाही. सुगंधा जवळ येऊन म्हणाली, "आये, ऱ्हाऊदे. मी नाय जात नर्सिंगला. कुठंतरी कामाला लागेन." बायने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती किंचाळली. "परत बोललीस तर बघ," बाय म्हणाली.

जेवायला आलेले कारागीर उपाशी परतले, तरी एकानेही तक्रार केली नाही. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठलाच चाळीस-पन्नास जण दारात उभे. पुढे रामसूरत, चार जणांचा भात एकटा खाणारा. "अम्मा, कपड़ा हमारे हाथ का है, हम जानते हैं इसका क्या करना है." एकेक तागा त्यांनी गच्चीवर नेला, उलगडला, कोरड्या ब्रशने झाडला आणि उन्हात पसरला. आमची गच्ची पुरेना तेव्हा शेजाऱ्यांची घेतली, तीही पुरेना तेव्हा पलीकडच्या गल्लीतली. दुपारपर्यंत अर्धं टेमघर पांढरं झालं होतं. बाय खालून ओरडत होती, "अरे, त्यावर पाय नको देऊस, सुगंधाची फी हाय ती!"

बुरशी गेली, पण डाग राहिले. व्यापारी यायचे, डाग बघायचे, मान हलवून जायचे. जून जवळ येत चालला तशी बाय रात्री जेवेनाशी झाली. आणि तेवढ्यात निवडणूक आली. देशभर झेंडे, पताका, मंडप लागायला लागले आणि त्या सगळ्याला लागतो तो हाच आमच्या चुलीमागचा मांजरपाट. एक मंडपवाला टेम्पो घेऊनच आला. डागांचं काय, असं मी बावळटासारखा विचारलं तर तो हसला, "साहेब, रंगात बुडवल्यावर डाग कुठला?" चांगले तागे फिक्या रंगाच्या पक्षांना गेले, डागाळलेले गडद रंगाच्या. नंतर महिनाभर प्रचाराची मिरवणूक गेली की बाय दारात उभी राहून, पक्ष कुठलाही असो, कापड निरखायची आणि समाधानाने मान डोलवायची.

पैसे परत आले ते घातले होते त्याहून बरेच जास्त आले. आम्ही पेढ्यांची भाषा करत होतो. बायने आपली मुद्दल बाजूला काढली, वरचे पैसे रुमालात बांधले आणि मला बरोबर घेऊन नजीरशेठच्या घरी गेली. मंदीत त्यांनी सहा लूम भंगारात काढले होते. बायने रुमाल त्यांच्यापुढे ठेवला.

"ह्ये काय, बाय? सौदा झाला तो झाला," नजीरशेठ म्हणाले.

"सौदा कुटला? तुजी अडचन होती, माजी पन होती. मी तुज्याकडं पैसं ठेवलं, तू माज्याकडं कपडा ठेवलास. माजा मला मिलाला."

"धंद्यात असं न्हाय चालत."

"मी कुटं धंदा करते? मी भात रांधते."

रुमाल तीन वेळा इकडून तिकडे गेला. शेवटी नजीरशेठच्या बायकोने तो उचलला. तिचे डोळे भरले होते. माझेही, पण मी घड्याळ बघितल्यासारखं केलं. परतीच्या वाटेवर मी बायला सांगितलं की तिने दिलेल्या पैशातून कारागिरांचे पगार झाले, ते गावी गेले नाहीत, पगारातून तिच्याकडेच जेवले आणि म्हणून मंदीत तिची खाणावळ चालू राहिली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये कलायला तुमाला बँकेत परीक्षा द्यावी लागते?"

आणि मग कॉलेजचं पत्र आलं. फीखेरीज वसतिगृहाचे पैसे वेगळे भरायचे होते. मुद्दल पुरत नव्हती आणि नफा रुमालासकट गेलेला. मी घाबरत घाबरत म्हणालो, "बाय, शैक्षणिक कर्ज मिळतं. आमच्याकडे." वाटलं, आता चहा कायमचा बंद. पण बाय विचारात पडली. "म्हंजे बँकेचा पैसा माज्याकडं?"

"हो."

"आनि बँक बुडाली तर?"

मी काही बोलायच्या आत तिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी तिने शाखेत येऊन अर्जावर सही केली आणि साहेबांना स्वतःहून विचारलं, "बरं हायेत ना सगले?" हप्ता मात्र तिने एकदाही चुकवला नाही. बँक बुडत नाही हे बघून तिला दर महिन्याला थोडं वाईट वाटत असावं.

पुढे माझी बदली झाली. निघताना तिने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, "सुती हाय" म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली. फोन अधूनमधून होत राहिले.

बाय जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटची भेट ठाण्यातल्या एका रुग्णालयात झाली. तिला दम लागायचा, पाय सुजले होते, मीठ बंद होतं. सुगंधा त्याच रुग्णालयात नोकरीला होती. मी बसलो असतानाच ती पांढऱ्या गणवेशात वॉर्डात आली, रक्तदाब तपासला, उशीखाली हात घालून लपवलेला पापड बाहेर काढला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात आईला फैलावर घेतलं. बायने निमूट गोळी गिळली. सुगंधा पुढच्या खाटेकडे वळली तसं बायने मला जवळ बोलावलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण डोळ्यांत ती जुनी खोडी होती.

"बघितलास?" ती मुलीकडे बोट करून म्हणाली. "माजंच पैसं, आनि मलाच डोले वटारतात."