‘इन्शुअर’ या शब्दाचे आमच्या ऑफिसातले उद्योग

विमा ऑफिसातल्या जुन्या फायली काही वर्षांनी रद्दीत देता येतात. किस्से देता येत नाहीत, ते साठतच राहतात. लोणावळ्याच्या बाजारात, इस्त्रीच्या दुकानावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर घोरावाडीहून येणारा गायकवाड. मावळातली घरं, गाड्या, गुरं आणि माणसं आम्ही इन्शुअर करतो. इन्शुअर करणे म्हणजे विमा उतरवणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच वर्षी मोडली, आणि मोडली आमच्या गायकवाडनेच.

*

एका बंगल्याची पाहणी करायची होती. बंगल्याच्या मालकीणबाई इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका. गायकवाडला त्यांना लिहायचं होतं, ‘खात्री देतो, सोमवारी येतो.’ त्याने ईमेल धाडला, ‘आय इन्शुअर यू, आय विल कम ऑन मंडे.’

सोमवारी घाटात दरड आली आणि गायकवाड अडकला. मंगळवारी पोचला तर बाई फाटकातच उभ्या. हातात आमचाच क्लेम फॉर्म, रीतसर भरलेला. नुकसान झालेली वस्तू, अख्खा सोमवार. नुकसानीचं कारण, एजंट आला नाही.

“तुम्ही सोमवारचा विमा उतरवला होतात,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आता भरपाई.”

भरपाई म्हणून त्यांनी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि अशुअर, एन्शुअर, इन्शुअर या तिघांतला फरक वीस वीस वेळा लिहून घेतला. पाहणी बुधवारी झाली.

*

बेडशाच्या गेनूआबांची म्हैस आम्ही इन्शुअर केली. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला मारतात. जनावर दगावलं की तो बिल्ला आणून दाखवायचा, मग क्लेम. हे मी आबांना दोनदा समजावलं होतं.

दोन महिन्यांनी आबा जिना चढून आले आणि बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. मला वाईट वाटलं. मी पाणी दिलं, कधी गेली म्हणून विचारलं.

“कोन?” आबा म्हणाले. “मैस हाय की. चरतीया. कुंपणात कान अडकून बिल्ला तेवढा पडला.”

मग इथे कशाला आणलात, असं मी विचारलं.

“म्हनलं, अर्दा क्लेम बसतो का बगावं.”

*

भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी सरूमावशींचा कणसांचा आणि चहाचा ठेला आहे. माकडं त्यांचं रोज काही ना काही पळवतात. कंटाळून त्या आमच्याकडे आल्या आणि माकडं इन्शुअर करून द्या म्हणाल्या. गायकवाडला वाटलं, माकडांपासून मालाचा विमा हवा असेल. तसं नव्हतं. त्यांना माकडांचाच हवा होता, कारण इन्शुअर केलेलं जनावर ऑफिसवाले सांभाळतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

गायकवाडने नियम सांगितला, की मावशी, जे आपल्या मालकीचं असतं तेच इन्शुअर करता येतं.

मावशींनी पदराने घाम पुसला. “रोज माज्या हातचं खात्यात, दुपारी माज्याच छपरावर झोपत्यात. अजून किती माजी असाया पायजेत?”

गायकवाडने नियमांचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ त्यात तोंड घालून बसला.

*

आता दोन भावांचं सांगते. पवनेच्या काठच्या एका गावात दत्तूभाऊ आणि नामदेव यांची घरं एकमेकांना लागून आहेत. आईच्या तेराव्याला आधी कुणाच्या व्याह्यांना वाढलं, यावरून दोघांचं बोलणं जे थांबलं ते अकरा वर्षं बंदच होतं. दत्तूभाऊंनी घर आमच्याकडे इन्शुअर केलेलं. नामदेवचं घर जुनं, कौलं फुटलेली. त्याने काहीच उतरवलेलं नव्हतं.

मेमध्ये वळवाच्या पावसात असा वारा सुटला, की दत्तूभाऊंच्या पडवीचे सहा पत्रे एका झटक्यात उडाले. क्लेम आला. कंपनीचा सर्व्हेअर, गायकवाड आणि मी असे तिघं गेलो. उडालेले पत्रे कुठे आहेत, असं सर्व्हेअरने विचारलं. दत्तूभाऊंनी नुसती मान वर केली. सहाच्या सहा पत्रे नामदेवच्या कौलांवर पडले होते, आणि आता त्यांच्यावर दगडही ठेवलेले होते.

सर्व्हेअरने नामदेवला बोलावून त्याचं काही नुकसान झालं का म्हणून विचारलं.

“न्हाई,” नामदेव आमच्याकडे बघत म्हणाला. भावाकडे त्याने बघितलं नाही. “माजं गळायचं थांबलं.”

सर्व्हेअर कडक माणूस. माल सापडलाय म्हणजे हरवला असं लिहिता येणार नाही, पत्रे खाली उतरवा, किती खराब झालेत ते बघून भरपाई ठरवू, असं त्याने सांगितलं. दत्तूभाऊ शिडी घेऊन आले. नामदेव दारातून बाजूला झाला, अडवलं मात्र नाही. शिडी मागच्या अंगणातून लावायची होती आणि तिथे जायची वाट घरातूनच, म्हणून दत्तूभाऊ अकरा वर्षांनी त्या घरात शिरले. मी मागेच होते. जिथे दर पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागायच्या, तिथे नामदेवच्या सुनेनं पाळणा बांधला होता. आत महिन्याभराचं पोर झोपलेलं.

दत्तूभाऊ शिडी धरून उभे राहिले. त्यांनी वर फुटक्या कौलांतून दिसणाऱ्या पत्र्यांकडे बघितलं, खाली पाळण्याकडे बघितलं. मग शिडी आवाज न करता भिंतीला आडवी ठेवली आणि बाहेर आले.

“क्लेम मागं घेतो म्हनून लिवा,” ते गायकवाडला म्हणाले.

फॉर्मात कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, असं सर्व्हेअर म्हणाला.

दत्तूभाऊंनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“लिवा की मग. पत्रे घरातच हायेत.”