डाव्या पायाचे सोंग

"आमच्या बाबानं दोन चटके देल्ले, आन् तिसऱ्याले सळई तापली तसा हा गडी सोंग सोडून उभा राह्यला! डाक्टर भाऊ नागपूरहून आला होता, थो नुसता पाहत राह्यला."

ही हकीकत माझा चुलतभाऊ अकोल्यात प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. 'गडी' म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि उत्तर द्यायला तो आता हयात नाही. 'डाक्टर भाऊ' मी. मी हयात आहे. त्या सकाळी काकांच्या हातातल्या सळईपासून मी हातभर अंतरावर होतो. चुलतभाऊ मूर्तिजापूरला आपल्या मामाकडे होता.

भातकुलीला आमची काळ्या रानाची शेती होती. वडील लवकर गेल्यामुळे घर काकांच्या हुकमात चाले. दादाला शेती सोडून अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी धरायची होती, आणि त्यावरून काका-पुतण्यांचे बोलणे बंद झाले होते. अशात अमरावतीहून परतताना एका वाटमाऱ्याने दादाच्या पाठीत सुरी खुपसली, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, कण्याला लागून. इस्पितळात जखम भरत आली. डावा पाय मात्र उठला नाही. पेरणी तोंडावर आलेली आणि कर्ता पुतण्या बाजेवर. काकांनी ठरवून टाकले की हे शेतातून सुटण्याचे सोंग आहे.

त्यांच्याजवळ दोन पुरावे होते, आणि मी ते हलके लेखत नाही. गुडघ्याखाली थाप मारली की तो पाय ताडकन उसळे, पण "उचल" म्हटले की उचलला जात नसे. शिवाय पोटरीला तापली सळई टेकवली तेव्हा दादा किंचाळला होता. मेलेला पाय उसळेल कसा, आणि त्याला भाजेल कसे? असे दोन डाग देऊन झाले होते. तिसरा कण्यावर, भरत आलेल्या जखमेच्या जागीच द्यायचा होता. तो डाग तिथे पडला असता तर जे थोडे शाबूत होते तेही गेले असते, ही माझी धास्ती होती.

मी तेव्हा नागपूरच्या वैद्यकीय शाळेत शिकत होतो आणि नेमका त्याच सकाळी सुटीवर घरी पोचलो. शेगडी बाजेच्या पायथ्याशी फुललेली होती, सळई निखाऱ्यांत होती. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. दिरापुढे ती कधी बोलली नव्हती.

"काका, थांबा. कण्याले डाग देऊ नका."

"कावून? डाक्टर झाला का तू?"

"अजून नाई झालो."

"मंग मढ्यांवर शिक तिकडे नागपुरात. हा जिता हाय, आन् लबाड हाय."

दादा बाजेवरून म्हणाला, "लबाड असतो त पयल्याच चटक्याले अकोल्याले पोचलो असतो, काका."

मी समजावू लागलो. मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. हालचालीचे हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच बाजू बदलून घेतात. पाठीत उतरतात ते ज्या बाजूने, त्याच बाजूच्या पायाला जातात. सुरीने डावी अर्धी बाजू कापली, म्हणून डाव्या पायाला हुकूम पोचत नाही. थाप मारल्यावर पाय उसळतो, कारण थापेची खबर आणि उसळीचा हुकूम हा फेरा कंबरेच्या पातळीवरच पुरा होतो, आणि वरून मेंदूचा धाक सुटल्यामुळे जोरात होतो. वेदनेचे आणि उष्णतेचे तंतू मात्र कण्यात शिरल्यावर थोड्याच अंतरात पलीकडे जातात आणि दुसऱ्या बाजूने वर चढतात. डाव्या पायाची आग उजव्या, शाबूत बाजूने मेंदूला कळते. बधिर असायला हवा तो चालता पाय.

"उजव्या पायाले सुई टोचून पाहा, काका. त्याले समजनार नाई."

काका हसले. "दुखनं डाव्याले, आन् सुई उजव्याले! बैल लंगडला त गाडीवानाले औषध देतं काय बे तू?"

चुलतभावाच्या म्हणण्याप्रमाणे दादा इथे उभा राहिला. तो उभा राहिला नाही. पावसाळा सरल्यावर तो काठीच्या आधाराने चालू लागला हे खरे, आणि चुलतभावाचे सगळे भांडवल तेवढेच आहे. कापलेले तंतू जुळत नाहीत, पण सुजेने नुसते दबलेले असतात ते पुन्हा जागे होतात. जेवढे जागे झाले तेवढ्यावर दादा अकोल्याला गेला, जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या कामावर बसला, आणि डावा पाय जन्मभर ताठ ओढत राहिला. सोंग करणारा माणूस आपल्या एकट्या खोलीतही पाय ओढत नाही. मी त्या खोलीत राहिलेलो आहे. पण हेही बाजूला ठेवू. पंगतीत माझ्या शब्दाला कोणी किंमत देणार नसेल तर न देवो. वाद मिटवणारी गोष्ट माझ्या शब्दावर अवलंबून नाही.

त्या सकाळी काकांनी दादाला पालथे व्हायला सांगितले. डाव्या पायाचा उपयोग नव्हता, म्हणून त्याने उजवा पाय बाजेवरून खाली सोडला, त्याच्या रेट्याने अंग वळवले आणि उशीत तोंड खुपसून पालथा पडला. पाय तसाच खाली राहिला. काकांनी सळई उचलली. आम्हां सर्वांचे डोळे त्या लाल टोकावर आणि पाठीवरच्या वणावर. मी काकांचे मनगट धरले. त्यांनी हिसडा दिला. मी सोडले नाही. सळई अजून कुठेही टेकली नव्हती, तरी कातडी करपल्याचा वास खोलीत पसरला. दादाने उशीतून मान वर केली आणि अगदी सहज विचारले,

"माय, काय जळून राह्यलं वं?"

जळत होती त्याचीच उजवी टाच, शेगडीच्या काठाला टेकलेली.