टोरांटो ते रत्नागिरी, व्हाया शेंडी

अख्ख्या रत्नागिरीत माझ्या थोरल्या दिरांइतका वेळेचा पक्का माणूस नाही आणि त्यांच्याइतका छळवादीही नाही. एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी स्टँड डोक्यातून गेलेला नाही. पावसला जायचं म्हटलं की लगेच, "पस्तीस मिनिटं. भाट्याच्या पुलावर कोणी मासळी घेत उभं असेल तर अडतीस." एका लग्नात त्यांनी वऱ्हाडाला दारातच सुनावलं, "अकरा मिनिटं लेट आहात." लग्न त्यांच्याच मुलीचं, शमाचं होतं. कोणाला बरं वाटावं म्हणून एक मिनिटही त्यांनी कधी कमी सांगितलं नाही.

शमा आता टोरांटोला असते. गेल्या वर्षी वहिनींच्या, म्हणजे माझ्या जाऊबाईंच्या, पोटात गाठ सापडली. ऑपरेशन ठरलं आणि शमा निघाली. टोरांटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास; पुढे मुंबई, मग गाडी. भाऊजींनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावून सरळ रेघ मारली. मोबाइलवरचा विमानाचा ठिपका मात्र ग्रीनलंडकडे वर वर सरकू लागला, तसा त्यांना घाम फुटला.

"सुनंदा, पायलट वाट चुकला गो! ह्याचं वर काय काम?"

मी नारळ आणला, कुंकवाचे दोन ठिपके दिले आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणला. तो आपसूक शेंडीकडे सरकला.

"पृथ्वी गोल आहे, भाऊजी. शेंडीकडून जवळ पडतं."

"मग नकाशात शेंडी का दाखवत नाहीत? लोकांनी काय मरायचं?"

विमान वेळेवर उतरलं. घोळ रस्त्यावर झाला. सकाळी दहाला वहिनींना आत न्यायचं होतं. सर्जन कोल्हापूरहून आठवड्यातून एकदाच येणारे, आणि गाठ पुढच्या आठवड्यापर्यंत थांबणारी नव्हती. वहिनींनी खाटेचा दांडा धरून ठेवला. "लेकीला बघितल्याशिवाय मी जायची नाही." नर्स दोनदा येऊन गेली.

एवढ्यात शमाचा फोन आला. मी भाऊजींच्या शेजारीच उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "बाबा, ट्रक उलटलाय. अजून परशुराम घाटातच आहोत."

म्हणजे चिपळूणसुद्धा आलेलं नव्हतं. भाऊजींनी फोन खिशात टाकला, खाटेजवळ गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हातखंबा सोडला तिने. वीस मिनिटं."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय काय गो?"

वहिनींनी दांडा सोडला.

दार बंद झाल्यावर ते बाकावर बसले. "अडीच तास," मला हळूच म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा शमा उशाशी होती. ती कितीला पोचली, हे त्यांनी आजवर कोणालाच विचारलेलं नाही.

तीन आठवड्यांनी शमा परत गेली. हल्ली वहिनी मधूनच विचारतात, "कधी येईल हो ती?"

"येईल गो," भाऊजी म्हणतात, "निघालीच समज."

तिने तिकीट काढलेलं नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक असतं. वहिनी मान डोलावतात आणि तिची खोली झाडायला घेतात.