सामाईक फोल्डरचा तलाठी

पंचवटीत भाजीबाजाराच्या डोक्यावर धम्मपालचं ऑफिस. तिथून खेड्यापाड्यांतल्या खासगी दवाखान्यांना प्रोग्रॅम जातात. कुठला रुग्णांची नावं घेऊन नंबर लावतो, कुठला औषधाची चिठ्ठी काढतो. सगळ्यांचं स्क्रीनवरचं मराठी मात्र दवाखान्याच्या यंत्रावर एकाच सामाईक फोल्डरात. चाळीच्या नळासारखं. बिऱ्हाड सोडताना आपली बादली न्यावी, नळ उपटू नये.

प्रत्येक प्रोग्रॅमसोबत त्याच्या सामानाची यादी जाते. प्रोग्रॅम काढला की यादीत लिहिलेलं सगळं यंत्र पुसून टाकतं, आत दुसऱ्या कुणाचं काय आहे हे बघत नाही. म्हणून यादीत आपली फाइल लिहायची, फोल्डर कधीच नाही. वीस वर्षं धम्मपाल एकेका ओळीवर बोट ठेवून याद्या वाचत आला. ऑफिस त्याला फोल्डरचा तलाठी म्हणे. बायकोला किराण्याची यादीही तो तशीच तपासून देतो, असं कॉलनीत म्हणतात. मी ऐकलेलं सांगतो.

मार्चमध्ये नव्याने आलेल्या चैतालीने नंबराच्या प्रोग्रॅमची यादी पुढे केली. "काका, बोट झिजेल तुमचं," ती म्हणाली. सगळे हसले. लाजून तोही हसला, आणि त्या एका यादीवरून त्याने नुसती नजर फिरवली.

जूनमध्ये घोटीच्या दवाखान्याला तो प्रोग्रॅम नको झाला. सोमवारी दहाला चैतालीने इथूनच तो काढला. साडेदहाला धम्मपालने जुनी यादी सहज उघडली, बोट लावलं. सातव्या ओळीवर ते थांबलं. तिथे फाइल नव्हती. नुसतं फोल्डरचं नाव होतं.

म्हणजे घोटीचं मराठी गेलं, औषधाच्या चिठ्ठीचंही. पण तो घाबरला ते वेगळ्याच गोष्टीला. चिठ्ठीचा प्रोग्रॅम वयाच्या ओळी त्या त्या भाषेच्या अक्षरक्रमाने लावतो. मराठीत तान्हं, मूल, मोठं. इंग्रजीत ॲडल्ट, चाइल्ड, इन्फंट. चिठ्ठीवर छापला जातो तो निवडलेल्या ओळीच्या मात्रेचा नुसता आकडा. आणि घोटीला चिठ्ठ्या काढणाऱ्या शकुबाईला इंग्रजी येत नाही. तान्ह्याला पहिली ओळ, हे त्यानेच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

त्याने घोटीला लावलेला फोन बराच वेळ वाजला.

"जयभीम दादा," शकुबाई म्हणाली. "स्क्रीनवर समदं इंग्रजी आलंय. पण काय अडत नाय. ओळी पाठ हायेत मला."

"मावशी, दहापासून किती चिठ्ठ्या काढल्या?"

"आज लशीचा दिवस ना, लय गर्दी. तापाच्या औषधाच्या नऊ. समदी तान्हीच."

तिच्या मागे छपाई यंत्र कुरकुरत होतं.

"यंत्रावरून हात काढा मावशी," तो म्हणाला. "आणि त्या नऊ तान्ह्यांची नावं सांगा. गावासकट."

शकुबाईचा आवाज आता खाली गेला होता.

"नावं कुठं लिवून घेतो आम्ही, दादा? नंबराच्या प्रोग्रॅमात असायची. तो तर तुम्हीच काढलाय ना आज."