चांदणीची शेपटी

नेऱ्याच्या काशिरामला आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या पांढऱ्या घोडीने, चांदणीने, चौदा वर्षांत कुणावर लाथ उगारली नव्हती. दुसरी म्हणजे जनावरांतलं आपल्याला सगळं कळतं. यातली पहिली गोष्ट खरी होती.

तरुणपणी तो शर्यतीचे बैल सांभाळायचा. शर्यती बंद पडल्या तेव्हा त्याने घोडी आणली आणि पनवेलच्या आसपासचे कितीतरी नवरदेव तिच्यावर बसवून मांडवापर्यंत पोचवले. कानाजवळ फटाके फुटोत, डीजे छाती हादरवो, चांदणी आपली मान डोलवत पुढे चालायची. वरातीला निघण्याआधी काशिरामची बायको मालू अंगणात तिच्या चारही खुरांवर पाणी घालायची, हळदकुंकू लावायची. मागच्या पायांशीसुद्धा ती तुळशीपुढे बसावं तशी निर्धास्त बसायची.

यंदा पाऊस ओसरला आणि घोडी खाजवू लागली. आधी कुंपणाच्या खांबाला, मग गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून शेपटीचं मूळ घासायची. सकाळी भिंतीला पांढरे केस चिकटलेले असायचे. मालूने ते गोळा करून नवऱ्यापुढे धरले.

"अवो, हिला डाक्टरला दाखवा. मना काय बरा दिसत नाय."

"बैलांना खरूज व्हायची तवा कोण डाक्टर आलावता? मीच बरी केली ना?"

जवळच्या एका फार्महाउसवरचे घोडे तपासायला जनावरांचे डॉक्टर गुरुदत्त दर आठवड्याला काशिरामच्या घरावरूनच जायचे. हाक मारली असती तर थांबले असते. पण ते विश्रांती द्यायला सांगतील याची काशिरामला धास्ती होती, आणि तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होणार होत्या. मग त्याने बैलांना लावायचा तेच लावलं, गॅरेजमधलं जळकं ऑइल. घोड्याची कातडी बैलाची नव्हे, हे या शहाण्याला कोण सांगणार? आठ दिवसांत सालपट निघालं आणि आतलं लाल मांस दिसू लागलं. रोज संध्याकाळी तो तिला लाडाने मागच्या पाणथळ खड्ड्याशी चरायला बांधायचा. तिथून परतली की ती दुप्पट घासायची. हे त्याला दिसत होतं, पण त्याने त्याची सांगड कशाशी घातली नाही.

त्याने जखमेवर फडकं गुंडाळलं. मालूने विचारलं तेव्हा तो चक्क खोटं बोलला. "दाखवली. मलम दिलाय त्यांनी."

खांदा कॉलनीतल्या वरातीच्या दिवशी, दुपारी, मालू घरात असताना त्याने पांढऱ्या केसांचं गंगावन आणून शेपटीच्या उघड्या मुळावर सुतळीने आवळून बांधलं. वरून जरीची पट्टी लावली. शेपटी पूर्वीपेक्षा देखणी दिसू लागली. चांदणीने कान मागे पाडले. तिचे कान असे त्याने कधीच पाहिले नव्हते. तेवढ्यात मालू तांब्या घेऊन बाहेर आली.

"कशी नटलीय माझी बाय!"

पुढचे दोन्ही खूर पुजून झाले. मागचा डावा झाला. काशिराम लगाम घट्ट धरून उभा होता. आज राहू दे, एवढं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने कारण विचारलं असतं. मालू उजव्या खुराशी वाकली. शेपटीचे केस आड येत होते म्हणून तिने ते हाताने बाजूला ओढले.

लाथ त्याला दिसलीच नाही. तांब्या तेवढा घरंगळत कुंपणापर्यंत गेला.

मालू वाचली, हे नशीब. उजव्या कोपराचा मात्र चुरा झाला. तो हात आता सरळ होत नाही. गुरुदत्तांनी सुतळी कापली तेव्हा ती मांसात रुतलेली होती.

"चिलटं चावून खाज येते हिला," ते म्हणाले. "आणि तुम्ही तिला संध्याकाळी नेमकं त्या पाण्याशी बांधता. दिवस कलायच्या आत गोठ्यात घ्या, दाराला बारीक जाळी लावा, पंखा चालू ठेवा. जखमेला हे मलम. वेळेत बोलावलं असतंत तर महिन्याभरात आराम पडला असता."

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मालूने एकच विचारलं, "दाखवली होती ना तुमी?"

काशिरामने मान खाली घातली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

फाल्गुनात शेपटीला नवे केस आले आणि पुन्हा एक वरात ठरली. मालूने डाव्या हाताने तांब्या धरून तीन खुरांची पूजा केली. मागच्या उजव्या पायाशी ती थांबली. कुंकवाची डबी तिने नवऱ्याच्या हातात दिली.

"ह्यो तुमी पुजा."

काशिराम खाली बसला. खूर त्याच्या तोंडासमोर होता, आणि वर शेपटी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला हलत होती. डोळे गच्च मिटून त्याने बोट पुढे केलं. उघडले तेव्हा खूर जागच्या जागी होता आणि त्यावर कुंकू लागलं होतं. त्याने मागे वळून पाहिलं. मालू केव्हाच घरात निघून गेली होती.