विहिरीच्या भिंतीतली पोकळी

मला घेऊन उतरलेली यारीची बकेट विहिरीच्या तळाला टेकली आणि वरून सुमनताईंनी पुन्हा विचारलं, "मॅडम, हिरं हायेत का वो?"

मी भूवैज्ञानिक. विहीर खोदताना खडक बघून सल्ला देणं हे माझं काम. आणे गावच्या पठारावर सुमनताईंची नवी विहीर चालू होती. सकाळच्या सुरुंगानं भिंतीत एक पोकळी उघडी पडली होती, म्हणून मला बोलावलं होतं. खोदकामाचे कॉन्ट्रॅक्टर बाळूभाऊ माझ्यासोबत उतरले होते.

हेल्मेटचा लाईट आत टाकला. कपाटाएवढी पोकळी, खालपासून वरपर्यंत स्फटिकांनी भरलेली. काही काचेसारखे, टोकदार. त्यांच्यावर फिकट गुलाबी पंखे उमललेले. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचा हा बुडबुडा. कोट्यवधी वर्षांत इथं पहिल्यांदाच उजेड शिरत होता.

"कशाचं हाय हे?" बाळूभाऊंनी हळूच विचारलं.

"मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन."

"आपन श्वासात घेतो त्यो ऑक्सिजन?"

"तोच. एका सिलिकॉनला चार बाजूंनी चार ऑक्सिजन धरतात. तिकोनी बुडाचा छोटा मनोरा होतो. शेजारचे मनोरे कोपऱ्यातला ऑक्सिजन वाटून घेतात. ते कसे जोडले, त्यावर खनिज ठरतं. हा टोकदार क्वार्ट्झ, घट्ट जोडलेला. हा गुलाबी झिओलाइट. याच्या जोडणीत बारीक खोल्या राहतात, त्यांत पाणी असतं."

"आन् ह्यो काळा पत्थर?"

"त्यातही तेच मनोरे."

बाळूभाऊ भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. हे सगळं मी कॉलेजपासून पाठ म्हणत आले होते. त्या दिवशी मीही भिंतीला हात लावला आणि ते हाताला गार लागलं.

मग मी लाईट वर फिरवला. पोकळीच्या माथ्यावर बारीक भेग होती. हातोडीनं वाजवलं, तर आवाज पोकळ आला; म्हणजे वरचा खडक सुटला होता.

"भाऊ, वर चला."

"एक तुकडा घेतो, पोरीला दावायला."

"आत्ता चला."

वर आल्यावर सुमनताई नाराज झाल्या. "आज सुरुंगाचा आनखी एक बार व्हनार व्हता. काम थांबवून कसं जमंल?"

"काँक्रीटची रिंग घातल्याशिवाय खाली माणूस उतरवू नका."

बाळूभाऊंनी यारीचं इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहिलं तर माथ्यावरचा खडक कोसळलेला होता. पोकळीचा चुरा झाला होता. खाली कोणी नव्हतं.

राडारोडा उपसला, रिंग घातली, खोदकाम पुढे गेलं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीवर पाणी लागलं, बेताचं. सुमनताईंनी राडारोड्यातून गुलाबी तुकडा उचलून आणला. त्यातली एक कपची मी काचेच्या नळीत तापवली. नळीच्या वरच्या भागात थेंब जमले. ताई वाकून बघत राहिल्या.

"दगडातनं पानी... हिरीला व्हईल का ह्याचा उपयोग?"

"नाही."

"नसू द्या," त्या म्हणाल्या आणि उरलेला तुकडा त्यांनी पदरात बांधला.

तेव्हापासून विहिरीत काही सुंदर दिसलं, की मी आधी त्याच्या वरचा खडक वाजवून बघते.